आंतरराज्यीय बालगुन्हेगार-पर्यवेक्षण

एका राज्यातील बालन्यायालयाने परिवीक्षेवर सोडलेले किंवा सुधारगृहातून सशर्त मुक्त केलेले मूल दुसऱ्या राज्यात राहावयास गेल्यास त्याच्यावरील देखरेख अखंड चालू ठेवण्यासाठी, तसेच घर सोडून किंवा देखरेख चुकवून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलास परत आणण्यासाठी राज्याराज्यांनी परस्परांत केलेली वैधानिक व्यवस्था. संघराज्यात गुन्हेगारी कायदा व बालन्यायालये ही जेथे मुख्यतः घटक राज्यांच्या अखत्यारीत असतात, तेथे ही व्यवस्था आवश्यक ठरते. तिचे सर्वांत विकसित उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथे ती घटक राज्यांमधील एका करारावर उभी आहे. हा करार प्रथम १९५५ मध्ये तयार झाला व २००८ पासून त्याची जागा अधिक बंधनकारक अशा नव्या कराराने घेतली.

पार्श्वभूमी : गुन्हेगारास तुरुंगात न ठेवता समाजात राहू देऊन त्याच्या वर्तनावर लक्ष ठेवावे, या परिवीक्षेच्या कल्पनेची अमेरिकेतील सुरुवात बॉस्टन येथील जॉन ऑगस्टस याच्या कार्यापासून (१८४१) मानली जाते. मॅसॅचूसेट्स राज्याने १८७८ मध्ये परिवीक्षेचा कायदा केला. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय इलिनॉय राज्यातील शिकागो येथे १८९९ मध्ये स्थापन झाले आणि पुढील काही दशकांत बहुतेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. शिक्षेऐवजी सुधारणा हे या न्यायालयांचे ध्येय असल्याने मुलास शक्यतो कुटुंबातच ठेवून परिवीक्षाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वाढू द्यावे, हा त्यांचा मुख्य उपाय ठरला.

तथापि या उपायाला राज्याच्या सीमेची मर्यादा होती. न्यायालयाचा आदेश त्याच्या राज्यापुरताच अंमलात येत असे आणि परिवीक्षाधिकाऱ्याचे अधिकारही सीमेपाशीच संपत. कुटुंबे मात्र नोकरी, विवाहविच्छेद, आप्तांचा आधार अशा अनेक कारणांनी राज्य बदलीत. आई एका राज्यात व वडील दुसऱ्या राज्यात असणे, मुलाची जबाबदारी घेऊ शकणारी आजी तिसऱ्याच राज्यात असणे, हे प्रसंगही नित्याचे होते. अशा वेळी न्यायालयापुढे दोनच मार्ग उरत. मुलास घरच्या माणसांपासून तोडून सुधारगृहातच ठेवावयाचे, किंवा त्यास कोणत्याही देखरेखीविना दुसऱ्या राज्यात जाऊ द्यावयाचे. पहिल्या मार्गाने मुलाचे नुकसान होई व दुसऱ्याने न्यायालयाच्या आदेशाला अर्थ उरत नसे.

पळून गेलेल्या मुलांच्या बाबतीत अडचण अधिक मूलभूत होती. फरारी आरोपीस परत करण्याचे बंधन संविधानाच्या चौथ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमाने राज्यांवर घातले आहे व त्याची कार्यपद्धती १७९३ च्या अधिनियमाने ठरविली. परंतु ही तरतूद गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीपुरती आहे. बालन्यायालयातील कार्यवाही फौजदारी खटला मानली जात नसल्याने तेथील मुलांना प्रत्यार्पणाची ही पद्धत सहजपणे लागू करता येत नसे आणि ज्याने केवळ घर सोडले, कोणताही गुन्हा केला नाही, त्या मुलाला तर ती मुळीच लागू नव्हती.

घटनात्मक आधार : संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमानुसार काँग्रेसच्या (केंद्रीय विधिमंडळाच्या) संमतीवाचून कोणत्याही घटक राज्यास दुसऱ्या राज्याशी करार करता येत नाही. काँग्रेसने १९३४ मध्ये एक अधिनियम करून गुन्ह्यांना प्रतिबंध करणे व फौजदारी कायद्यांची अंमलबजावणी करणे या कामी राज्यांनी परस्परांत करावयाच्या करारांना आगाऊ संमती दिली. त्या आधारे १९३७ मध्ये प्रौढ गुन्हेगारांच्या आंतरराज्यीय पर्यवेक्षणाचा करार तयार झाला. काँग्रेसची संमती लाभलेला असा करार हा केवळ राज्यांचा कायदा न राहता त्याचा अर्थ लावण्यापुरता तो केंद्रीय कायदा ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ‘कायलर विरुद्ध ॲडम्स’ या खटल्यात (१९८१) दिला.

१९५५ चा करार : प्रौढांसाठी केलेला करार मुलांना पुरेसा नव्हता, कारण त्यात पळून गेलेल्या निरपराध मुलांची व्यवस्था नव्हती. म्हणून राज्य सरकारांच्या परिषदेने (कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्न्मेंट्स) इतर संस्थांच्या साहाय्याने बालकांविषयीच्या आंतरराज्यीय कराराचा मसुदा १९५५ मध्ये तयार केला. त्यात मुख्यतः चार गोष्टींची तरतूद होती : (१) परिवीक्षेवरील किंवा सशर्त मुक्त केलेल्या मुलांचे सहकार्याने पर्यवेक्षण, (२) अपराधी न ठरलेल्या, पण घर सोडून गेलेल्या मुलांची परत पाठवणी, (३) संस्थेतून निसटलेल्या किंवा देखरेख चुकवून गेलेल्या अपराधी मुलांची परत पाठवणी, आणि (४) विशेष उपचारांची गरज असलेल्या मुलांना दुसऱ्या राज्यातील संस्थेत ठेवण्यासाठी पूरक करार. यथावकाश सर्व राज्ये या करारात सामील झाली.

या कराराने अनेक वर्षे उपयुक्त काम केले. तथापि त्याच्या उणिवाही हळूहळू स्पष्ट झाल्या. मूळ करारास पुढे जोडलेल्या दुरुस्त्या सर्वच राज्यांनी स्वीकारल्या नाहीत. त्यामुळे दोन राज्यांमध्ये नेमकी कोणती तरतूद लागू आहे, हा प्रश्न वारंवार उद्‌भवे. प्रत्येक राज्याने एक करार-प्रशासक नेमलेला असे व या प्रशासकांची संघटना कार्यपद्धती सुचवीत असे. परंतु नियम मोडणाऱ्या राज्यास जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. एखाद्या राज्याने पूर्वसूचना न देता मूल दुसऱ्या राज्यात पाठविले, किंवा स्वीकारणाऱ्या राज्याने चौकशीचा अहवाल महिनोन्‌महिने पाठविला नाही, तरी त्यावर उपाय नसे. मूल मात्र त्या काळात कोणाच्याच देखरेखीखाली नसे.

नवा करार व आयोग : विसाव्या शतकाच्या अखेरीस या उणिवांचा विचार सुरू झाला. राज्य सरकारांच्या परिषदेने केंद्रीय न्यायखात्याच्या बालन्याय व अपराधप्रतिबंध कार्यालयाच्या सहकार्याने नव्या कराराचा मसुदा २००२ मध्ये पूर्ण केला. त्याच वर्षी प्रौढ गुन्हेगारांचा सुधारित करारही अंमलात आला होता व त्याची रचना येथे आदर्श मानण्यात आली. पस्तीस राज्यांनी संमत केल्यानंतरच नवा करार अंमलात यावा, अशी अट होती. ती २६ ऑगस्ट २००८ रोजी पूर्ण झाली. जॉर्जिया राज्याने २०१४ मध्ये करार स्वीकारल्यावर पन्नासही घटक राज्ये त्याची सभासद झाली. कोलंबिया जिल्हा व यू. एस. व्हर्जिन बेटे यांचाही त्यात समावेश आहे.

नव्या करारान्वये एक आंतरराज्यीय आयोग स्थापन झाला असून त्याचे कार्यालय केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे आहे. आयोगावर प्रत्येक सभासद राज्याचा एक आयुक्त असतो व लहानमोठ्या प्रत्येक राज्यास एकच मत असते. आयोगाच्या खर्चासाठी प्रत्येक राज्य लोकसंख्या व त्याच्या सीमेवरून होणारी मुलांची ये-जा यांच्या प्रमाणात वार्षिक वर्गणी देते. राज्यपातळीवर विधिमंडळ, न्यायसंस्था व शासन यांच्या प्रतिनिधींची एक परिषद असावी, अशीही तरतूद आहे. आयोगाने केलेल्या नियमांना सर्व सभासद राज्यांत कायद्याचे बल असते; मात्र बहुसंख्य राज्यांच्या विधिमंडळांनी एखादा नियम फेटाळल्यास तो रद्द होतो. कसूर करणाऱ्या राज्यास आयोग दंड करू शकतो, त्याचे सभासदत्व स्थगित करू शकतो किंवा त्याच्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दाद मागू शकतो. नव्या कराराचे जुन्या करारापासूनचे वेगळेपण मुख्यतः या अधिकारातच आहे. राज्याराज्यांतील कागदपत्रांची देवाणघेवाण पूर्वी टपालाने होई. ती पुढे संगणकीय प्रणालीद्वारे होऊ लागली व २०२१ पासून त्यासाठी ‘युनिटी’ ही प्रणाली वापरात आली.

मुलांना पालनगृहात किंवा दत्तक म्हणून दुसऱ्या राज्यात ठेवण्याविषयीचा आंतरराज्यीय करार (१९६०) हा याहून वेगळा आहे. तो पालकांच्या संरक्षणास मुकलेल्या मुलांसाठी असून प्रस्तुत करार न्यायालयाच्या देखरेखीखालील व पळून गेलेल्या मुलांसाठी आहे.

पर्यवेक्षणाची पद्धती : या व्यवस्थेत मुलावरील अधिकार व त्याची प्रत्यक्ष देखभाल यांची विभागणी केलेली असते. ज्या राज्याच्या न्यायालयाने आदेश दिला, त्यास ‘पाठविणारे राज्य’ व मूल जेथे राहावयास जाते, त्यास ‘स्वीकारणारे राज्य’ म्हणतात. मुलावरील अधिकारिता पाठविणाऱ्या राज्याकडेच राहते. पर्यवेक्षण किती काळ चालावे, ते केव्हा संपावे आणि मूल कोणत्या वयापर्यंत बालन्यायालयाच्या कक्षेत राहते, हे त्याच राज्याच्या कायद्याने ठरते. उलट, देखरेखीचे दैनंदिन काम स्वीकारणारे राज्य करते व ते आपल्या स्वतःच्या मुलांना जो दर्जा लावते, तोच बाहेरून आलेल्या मुलासही लावावा लागतो.

आयोगाच्या नियमांनुसार मुलाच्या पर्यवेक्षणाचा किमान नव्वद दिवसांचा काळ शिल्लक असल्यास व ते दुसऱ्या राज्यात नव्वद दिवसांहून अधिक काळ राहणार असल्यास त्याचे प्रकरण या कराराखाली येते. पाठविणारे राज्य न्यायालयाचा आदेश, मुलाचा पूर्ववृत्तांत व अटींचा तपशील पाठविते. स्वीकारणाऱ्या राज्याचा परिवीक्षाधिकारी नियोजित घरास भेट देतो. घरातील माणसे, त्यांची आर्थिक स्थिती, शाळेची सोय व शेजार यांची चौकशी करतो आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत अहवाल सादर होतो. घर अयोग्य आढळल्यास स्वीकारणाऱ्या राज्यास नकार देता येतो. परंतु केवळ मुलाचे वय किंवा त्याच्या अपराधाचे स्वरूप हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. मुलाचा कोणीही वैध पालक पाठविणाऱ्या राज्यात उरला नसेल व असा पालक स्वीकारणाऱ्या राज्यात राहत असेल, तर त्या राज्यास मुलाचे पर्यवेक्षण स्वीकारावेच लागते. आईवडिलांच्या स्थलांतराची शिक्षा मुलास सुधारगृहात भोगावी लागू नये, हा या नियमाचा हेतू होय.

पर्यवेक्षण सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल पाठविला जातो. मुलाने अटींचा भंग केल्यास तसा अहवाल जातो व पाठविणाऱ्या राज्याने दहा कामकाजाच्या दिवसांत त्यास उत्तर द्यावयाचे असते. आप्तांची भेट, शाळेची पाहणी इ. कारणांसाठी मुलास अल्पकाळ दुसऱ्या राज्यात जावयाचे असल्यास प्रवास-परवाना दिला जातो व त्याची मुदत नव्वद दिवसांहून अधिक नसते.

परत पाठवणी : दुसऱ्या राज्यात सापडलेल्या मुलास परत पाठविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला स्वेच्छेचा. मुलास न्यायाधीशापुढे उभे केले जाते. न्यायाधीश त्यास त्याचे हक्क समजावून सांगतात व मुलाने लेखी संमती दिल्यास त्याच्या गृहराज्याने पाच कामकाजाच्या दिवसांत त्यास परत न्यावयाचे असते. दुसरा मार्ग मागणीपत्राचा. मुलाने संमती नाकारल्यास गृहराज्यातील पालक किंवा अधिकारी तेथील न्यायालयाकडून मागणीपत्र मिळवितात. ते ताबा असलेल्या राज्याच्या न्यायालयापुढे सुनावणीसाठी येते. न्यायालय मुलासाठी वकील किंवा वादपालक नेमू शकते. या काळात मुलास जास्तीत जास्त नव्वद दिवस अटकेत ठेवता येते. परतीच्या प्रवासाचा खर्च गृहराज्याने करावयाचा असतो. मूल एकटे विमानाने जात असून वाटेत विमान बदलावयाचे असल्यास, तेथील राज्याने विमानतळावर त्याच्या सोबतीस माणूस द्यावा, असाही नियम आहे.

वादाचे मुद्दे : पर्यवेक्षणापेक्षा परत पाठवणीचा भाग अधिक विवाद्य ठरला आहे. घर सोडणे किंवा शाळा चुकविणे यांसारखे वर्तन प्रौढाच्या बाबतीत अपराध नसते; केवळ वयामुळे ते दोषास्पद ठरते. अशा वर्तनासाठी मुलांना बंदिस्त संस्थेत ठेवू नये, हे तत्त्व १९७४ च्या केंद्रीय बालन्याय व अपराधप्रतिबंध अधिनियमाने पुरस्कारिले आणि केंद्रीय अनुदान त्याच्या पालनाशी निगडित केले. तथापि आंतरराज्यीय कराराखाली ताब्यात ठेवलेल्या मुलांचा त्यास अपवाद करण्यात आलेला आहे. पळून आलेले मूल पहिल्या चोवीस तासांत पालकांच्या स्वाधीन करता येते. ते तसे न झाल्यास व मूल स्वतःस किंवा इतरांस धोका पोहोचवील असे वाटल्यास त्यास बंदिस्त संस्थेत ठेवावे, असे आयोगाचे नियम सांगतात. त्यामुळे स्वतःच्या राज्यात जे मूल कोंडून ठेवणे गैर मानले गेले असते, तेच मूल केवळ सीमा ओलांडल्यामुळे कुलपाआड जाऊ शकते. परक्या राज्यात, आप्तांवाचून सापडलेल्या मुलास मोकळे सोडणे हे त्याच्या जिवास धोक्याचे आहे, असे या तरतुदीचे समर्थक म्हणतात. संरक्षणाच्या नावाखाली निरपराधास बंदिवास घडतो, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

याहून कठीण प्रश्न घरातील छळामुळे पळालेल्या मुलांचा आहे. छळाचा किंवा हेळसांडीचा संशय आल्यास ताबा असलेल्या राज्याने तो गृहराज्यास कळवावा व अशा मुलास चोवीस तासांच्या सवलतीखाली पालकांच्या स्वाधीन करू नये, असा नियम आहे. परंतु अशा आरोपामुळे मुलास परत पाठविण्याचे बंधन संपुष्टात येत नाही. आरोपाची चौकशी करणे, साक्षीपुरावा तपासणे व मुलास कोठे ठेवावे हे ठरविणे, ही कामे गृहराज्याच्या न्यायालयाचीच मानली जातात. कारण कुटुंब, शेजारी व शाळा तेथेच असतात. ही भूमिका तर्कशुद्ध असली, तरी तिचे यश गृहराज्यातील बालसंरक्षण-यंत्रणा मुलाच्या परतीपूर्वी जागी होते की नाही, यावर अवलंबून राहते. मुलास परत नेणे व त्यास पालकांच्या हाती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्यास ज्या घरातून मूल पळाले, त्याच घराच्या दारात ते पुन्हा उभे केले जाण्याचा संभव असतो.

‘गॉल्ट’ खटल्यातील निर्णयाने (१९६७) बालन्यायालयातील मुलास आरोपाची सूचना, वकील व साक्षीदारांची उलटतपासणी हे हक्क मिळाले. तथापि तो निर्णय मूल अपराधी ठरविण्याच्या टप्प्यापुरता होता. परत पाठवणीच्या सुनावणीत वकील देणे कराराने न्यायालयावर सर्वत्र बंधनकारक केलेले नाही. संमतीपत्रावर सही करणारे मूल अनेकदा एकटे असते व संमती नाकारल्यास अटकेचा काळ लांबणार, याचीही त्यास जाणीव असते.

वयोमर्यादांतील भिन्नतेनेही गुंतागुंत वाढते. टेक्सस, जॉर्जिया यांसारख्या काही राज्यांत सतरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती फौजदारी कायद्याच्या दृष्टीने प्रौढ समजली जाते. इतर बहुसंख्य राज्यांत ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. गृहराज्याच्या कायद्याने वय ठरवावे, या नियमामुळे कोणत्या राज्याने काय करावयाचे हे स्पष्ट होते. तथापि त्यामुळे एकाच वयाच्या दोन मुलांना एकाच गावात भिन्न वागणूक मिळू शकते.

भारत : भारतातही सुधारगृहे व तत्सम संस्था हा विषय राज्यसूचीत (नोंद ४) असून त्या संस्थांच्या वापराबाबत अन्य राज्यांशी करावयाच्या व्यवस्थेचा उल्लेख त्याच नोंदीत आहे. मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी मुलांविषयीचे स्वतंत्र कायदे केले. परंतु त्यांची व्याप्ती त्या त्या प्रांतापुरती होती. शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार-कार्यकर्तीने तुरुंगांतील मुलांविषयी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये संपूर्ण देशासाठी एकच बालक कायदा असावा, असे मत व्यक्त केले. त्याच वर्षी संसदेने बालन्याय अधिनियम केला व त्याची जागा पुढे २००० आणि २०१५ च्या अधिनियमांनी घेतली. केंद्रीय कायदा एकच असल्याने राज्याराज्यांतील कराराची गरज भारतात भासली नाही.

मुंबईसारख्या महानगरातील रेल्वे-स्थानकांवर परराज्यांतून आलेली मुले सापडणे ही नेहमीची बाब असल्याने या कायद्यातील बदलीच्या तरतुदीस महाराष्ट्रात विशेष महत्त्व आहे. २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ९५ नुसार मूल अन्य ठिकाणचे असल्याचे आढळल्यास बालन्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती योग्य चौकशीनंतर, बदली मुलाच्या सर्वोत्तम हिताची असल्याची खात्री करून व त्याच्या गृहजिल्ह्यातील मंडळाशी वा समितीशी विचारविनिमय करून त्यास तिकडे पाठविते. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाची बदली चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्यावरच करता येते. पोहोचविण्याचे काम विशेष बाल पोलीस पथकाकडे असून ते पंधरा दिवसांत व्हावे लागते. मुलीसोबत महिला पोलीस अधिकारी असणे आवश्यक आहे.

दोन्ही पद्धतींतील भेद लक्षणीय आहे. अमेरिकेत परत पाठविण्याचे बंधन आधी येते व हिताचा विचार गृहराज्यात पोहोचल्यावर होतो. भारतीय कायद्यात हिताची खात्री ही बदलीची पूर्वअट आहे. उलट, अमेरिकेतील आयोगाप्रमाणे राज्यांकडून कामाचा हिशेब घेणारी व कसुरीबद्दल त्यांस जबाबदार धरणारी आंतरराज्यीय संस्था भारतात नाही. बदलीनंतर मुलाची जबाबदारी सर्वस्वी गृहजिल्ह्यातील यंत्रणेवर पडते. मुलास सीमेपलीकडे सुखरूप पोहोचविणे हे अशा सहकार्याचे पहिले कार्य होय. मात्र पोहोचल्यावर त्याची वास्तपुस्त कोणी करावयाची, हे निश्चित केल्यावाचून ते कार्य पूर्ण होत नाही.